शिलाजीतवाल्याच्या गावाला

कापसाची वेचणी आटोपत आली की दरवर्षी आमच्या मेडशीला एक पहाडी माणूस यायचा. शिलाजीत, हिंग आणि कसलीशी सुगंधी मुळं विकायचा. अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या सडकेवरची गावं करत करत तो आमच्याकडे पोचायचा आणि गोठ्याच्या पडवीत पंधरा-वीस दिवस मुक्काम टाकायचा. दिवसा आसपासच्या बाजारांना जाई, संध्याकाळी परतला की माझ्या सासऱ्यांशी ओट्यावर बोलत बसे. त्याचं घर जोशीमठाच्याही वर, नीतीच्या खोऱ्यात होतं. त्याच्या पुढे खिंड आणि खिंडीपलीकडे तिबेट. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी त्यावर कधी विचार केला नव्हता.

ही गोष्ट घडली तेव्हा जर्मनची पहिली लढाई संपून आठ-नऊ वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माझे वडील वाशीमला शाळामास्तर, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं. सासरी ते कोणाला विशेष उपयोगाचं वाटत नसे. घरात मला काही कमी नव्हतं. पण हातातलं काम संपलं की मी कावरीबावरी व्हायचे. घागरी भरलेल्या असल्या तरी पुन्हा विहिरीवर जायचे. वाळत घातलेली डाळ उगाच हलवायचे, लुगडी घडी मोडून पुन्हा घडी करायचे. सडकेवरून मोटार गेली की हातातलं टाकून दारात यायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या एकदा म्हणाल्या, "पायाले भिंगरी हाये का वो तुह्या? एका जागी बूड टेकवत नाईस."

त्याच दिवाळीत मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेतीचा कारभार माझ्या यजमानांच्या हाती दिला होता. स्वतःच्या मर्जीनं दिला, पण दिल्यावर त्यांना करमेना. सकाळी वावरात जायचे, तिथे मुलगा गड्यांना काम सांगत असायचा, म्हणून परत यायचे. ओट्यावर बसायचे, उठायचे, बैलांच्या पाठी थोपटायचे. त्या घरात आम्ही दोघं असे अस्वस्थ होतो आणि दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना मामाजी म्हणाले, "मी वैशाखात पहाड्याच्या गावाले जाऊन राह्यलो."

यजमानांनी घास खाली ठेवला. "कोन्या गावाले?"

"थ्याच्या. आधी केदार, मंग बद्री, मंग थ्याचं गाव. पायी. थो संगं हाये."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या वळल्या नाहीत. "वावरातून आले की कंबर धरून बसता. पहाड कसा चढता?"

"चढीन. देवाले त समदेच जाते. मले थे शेवटलं गाव पाहाचं हाये. थ्याच्या पुढं आपला मुलूखच नाई म्हन्ते."

यजमानांना ते चार दिवसांचं खूळ वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मामाजींनी मला हाक मारली आणि वही आणायला सांगितली. त्यांना अक्षरओळख नव्हती. पहाडी सांगेल ते मी लिहून घ्यायचं, असं ठरलं.

पुढचे आठ-दहा दिवस मी उंबऱ्याच्या आत बसून लिहीत होते आणि ते दोघं ओट्यावर. पहाड्यानं सारवलेल्या जमिनीवर सरकीच्या ओळी मांडल्या. एक दाणा म्हणजे एक मुक्काम. पालथा लोटा म्हणजे केदार, तांब्या म्हणजे बद्री. ऋषिकेशपर्यंत गाडी, त्यापुढे सगळी पायवाट. वाटेवर यात्रेकरूंसाठी झोपड्या असत, त्यांना तो चट्टी म्हणायचा. कुठल्या चट्टीवर पाणी चांगलं, कुठे माश्या फार, नदीवरचा कुठला झुला एकेकानं ओलांडायचा, हे सगळं त्याच्या तोंडपाठ होतं. "यहाँ चढ़ाई है, सुबह निकलना. धूप चढ़ी तो मरोगे," असं तो म्हणे आणि मी लिही: चढ, सकाळी निघावे.

बद्रीपर्यंतची वाट हजारो लोक जातात. जोशीमठाहून मात्र तो मामाजींना वेगळ्या नदीच्या काठानं वर नेणार होता. त्या नदीचं नाव धौली. तिचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायला कानाला तोंड लावावं लागतं. एका ठिकाणी कड्याला नुसत्या फळ्या ठोकलेल्या आहेत, त्यावरून चालायचं. वरच्या गावांतली सगळी माणसं हिवाळ्यात घरांना कड्या घालून, शेळ्यामेंढ्या घेऊन खाली येतात आणि उन्हाळ्यात परत जातात. तिबेटातून मीठ आणतात ते शेळ्यांच्या पाठीवर. एकेका शेळीला दोन लहान पिशव्या.

"शेळीच्या पाठीवर मीठ?" आतून आत्याबाईंचा आवाज आला. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप कधीच थांबलं होतं.

"हाँ माताजी. बकरी हमारी बैलगाडी है."

सूप पुन्हा सुरू झालं.

मला त्या दिवसांत झोप सोडून सगळं सुचायचं. वही मी शंभरदा वाचली असेन. भाकरी थापताना मनात चट्ट्यांची नावं चालायची. एकदा तर मी मामाजींना विचारलं, "मामाजी, बायका जातात का तिकडं?"

"जाते ना. म्हाताऱ्या जाते, पालखीसारख्या डोलीत बसून," ते हसून म्हणाले आणि विषय तिथेच संपला. मी आत आले आणि कारण नसताना सगळी भांडी घासली.

माघात पहाडी निघून गेला. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला हरिद्वारला एका धर्मशाळेत भेटायचं, त्याआधी तो पत्र पाठवील, असं ठरलं. मामाजींनी सरावाला सुरुवात केली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि फडक्यात बांधलेले चार पायल्या गहू एवढं ओझं घेऊन ते पहाटे सडकेनं निघत आणि दोन कोस जाऊन परत येत. चांभाराकडून त्यांनी जाड तळाचे जोडे शिवून घेतले. गावातली माणसं ओट्यावर येऊन सल्ले देत. कोणी म्हणे सातूचं पीठ न्या, कोणी म्हणे ज्वारीच्या लाह्यांचं पीठ टिकतं, कोणी अफूची गोळी जवळ ठेवा म्हणे. मी सगळं वहीत लिहीत होते आणि नको ते खोडत होते.

फाल्गुनात वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. गड्यांच्या भाकरी घेऊन मी निघाले होते. मामाजी त्या दिवशी पातूरच्या बाजूचा घाट चढून येणार होते. बांधावर कडुलिंबाखाली मला ते बसलेले दिसले. बाजूला गव्हाचं गाठोडं. जोड्यांवर धुळीचा कणही नव्हता.

मी थांबले. त्यांनी मान वर केली, पण उठले नाहीत.

"सूनबाई, घरी सांगू नको."

"बरं नाही का वाटत?"

"चार दिवसांपासून असंच बसतो इथं. घाटाच्या पायथ्याशी गेलो होतो, तवा छातीत भरून आलं. एका गाडीवाल्यानं आनून सोडलं." मग म्हणाले, "भेव वाटते वो. मरनाचं नाई. थितं वाटेत बसून राह्यलो आन लोक पाह्यत राह्यले, त्याचं."

मी भाकरी घेऊन पुढे गेले. मला त्यांची कीव यायला हवी होती. खरं सांगायचं तर मला राग आला. एवढी वाट मांडली, एवढं लिहिलं, आणि हे झाडाखाली बसले आहेत. पाय माझे धडधाकट होते आणि मला कोणी विचारलं नव्हतं. पंधरा दिवस मी ते कोणाला बोलले नाही. मामाजी रोज पहाटे निघत, रोज त्या झाडाखाली बसून परत येत आणि आत्याबाई रोज त्यांच्यापुढे गरम पाणी ठेवत.

मग पत्र आलं. दुपारची जेवणं झाली होती, सगळे घरात होते. मी मोठ्यानं वाचलं. पहाड्यानं कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. बर्फ यंदा लवकर वितळलं आहे. ठरलेल्या दिवशी मी धर्मशाळेत येतो. घरवालीला सांगून ठेवलं आहे, तिनं तुमच्यासाठी नवी कांबळी विणायला घेतली आहे. वऱ्हाडातले पाटील येणार म्हणून सगळ्या खोऱ्यात मी सांगितलं आहे.

मामाजी म्हणाले, "लिही त्याले. जमत नाई म्हन यंदा."

यजमान समजुतीच्या सुरात म्हणाले, "मी म्हनतच होतो, बाबा. पुढच्या साली पाहू."

मी दौत पुढे ओढली. टाक बुडवला. कागदावर हात ठेवला आणि तो पुढे जाईना. सहा वर्षांत मी सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता. पण तोंडातून निघून गेलं, "मी नाही लिहिणार हे."

यजमान म्हणाले, "हिले काय झालं?"

"लिहू नको तू," आत्याबाई म्हणाल्या. त्या दाराशी उभ्या होत्या, हात पदराला पुसत. "मी जाईन."

"कोठी?" यजमानांनी विचारलं.

"पहाड्याच्या गावाले. हिले बी नेईन संगं. हिले वाचता येते, मले चालता येते."

यजमान हसायला लागले, पण कोणी साथ दिली नाही तेव्हा थांबले. "माय, डोकं ठिकानावर हाये का? दोघी बाया एकट्या? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले सांग, नातवासाठी बद्रीले नवस हाये. कोन काय म्हन्ते पाहू मंग."

मला ते चाबकासारखं लागलं. मी टाक ठेवला आणि मागच्या दारानं विहिरीकडे गेले. थोड्या वेळानं आत्याबाई घागर घेऊन आल्या. मी म्हटलं, "मला यायचं आहे, आत्याबाई. पण माझ्या नावानं नवस नको."

त्यांनी घागर सोडली, भरू दिली, ओढली. मग म्हणाल्या, "नवस-बिवस काई नाई वो. पन तसं म्हटल्याबिगर आपल्याले कोन सोडन घरातून? देवाच्या नावानंच बाईले बाहीर पडता येते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माहं माहेर किन्हीराजा. लगन झालं आन इथं आलो. एकडाव शेलूबाजारले गेलो होतो बैल पाहाले, तुह्या सासऱ्यासंगं. चाळीस वर्सांत एवढंच पाह्यलं. मले थ्या शेळ्या पाहाच्या हायेत, मिठाच्या."

"आणि मामाजींचं?"

"थे झाडाखाली बसते, थे काय मले मालूम नाई? रोज धुळीबिगर जोडे घेऊन येते मानूस." त्यांनी घागर कमरेवर घेतली. "मले वाटलं होतं, आपल्या तोंडानं सांगतीन."

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. मामाजी येऊ शकत नाहीत, त्यांच्याऐवजी त्यांची मंडळी आणि सून अशा दोघी येतो, नेणार का ते कळवावे. यजमानांनी होकार दिला नव्हता, पण पाकीट टपालात टाकायला त्यांनीच नेलं. मला वाटतं, पहाडी नाही म्हणेल याची त्यांना खात्री होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. ते दिवस मला अजून नकोसे वाटतात. उत्तर येईल की नाही ते माहीत नव्हतं आणि तयारी तर आधीच करायला हवी होती. पहाड्यानं जोड्यांशिवाय पाऊल टाकू नका असं बजावलं होतं. आमच्याकडे बायका तेव्हा अनवाणीच वावरत. चांभारानं आत्याबाईंचा पाय मापायला घेतला तेव्हा त्या लाजून भिंतीकडे तोंड करून बसल्या. जोडे आल्यावर अंगणात चार पावलं टाकली आणि म्हणाल्या, "बैलाले नाल मारल्यावानी वाटते." दोघींच्याही टाचा सोलून निघाल्या. सडकेवर जोडे घालून चालणं शक्यच नव्हतं, गाव गोळा झालं असतं. आत्याबाईंनीच वाट काढली. सरपणाच्या निमित्तानं आम्ही घाटात जायचो. गाव मागे पडलं की ओच्यातून जोडे काढायचे, चढ चढायचा, मोळ्या बांधायच्या, उतरताना मोळी डोक्यावर घ्यायची आणि गाव दिसायला लागलं की जोडे मोळीत खुपसायचे. डोक्यावर ओझं असलेल्या बायकांकडे कोण पाहतं! आत्याबाई माझ्या पुढे असत. त्यांचा श्वास लागत नसे. मला मात्र पहिले चार दिवस डोळ्यांपुढे काजवे दिसले. एकदा मी मध्येच बसले, तेव्हा त्या खाली येऊन म्हणाल्या, "ऊठ. तुले बसवत नाई म्हनून त नेऊन राह्यलो तुले."

मामाजी दोन-तीन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ते आमचे जोडे घेऊन ओट्यावर बसलेले दिसले. एरंडीचं तेल चोळून कातडं मऊ करत होते. त्यानंतर तेच आमचे वाटाडे झाले. वही त्यांना पाठ होती. जेवायला बसलं की विचारत, "केदारहून निघाल्यावर पयला मुक्काम कोनता?" मी चुकले की रागावत. पिठाच्या पिशव्या त्यांनी हातानं शिवल्या. टाके वेडेवाकडे होते, पण एकही उसवला नाही.

यजमान घुम्मच होते. एका सकाळी मी भाकरी बांधून देत होते, तेव्हा ते दारातच रेंगाळले.

"बाबासाठी नाई, मायसाठी नाई. तू कायले जाऊन राह्यली?"

"मला इथं घुसमटल्यासारखं होतं," मी म्हटलं. "तुमच्यामुळं नाही."

ते खाली पाहत होते. "वापस येशीन ना?"

हा प्रश्न त्यांच्या मनात असेल असं मला वाटलंच नव्हतं. "येईन," मी म्हटलं. "आत्याबाई आहेत ना सोबत." ते बांधलेली भाकरी घेऊन गेले. त्या दिवसापासून त्यांनी विरोध सोडला. अकोल्यापर्यंत सोडायला येण्याचं त्यांनीच काढलं.

निघायला दोनच दिवस उरले तरी उत्तर नव्हतं. डाकवाला सडकेवर दिसला की मी दारात आणि आत्याबाई माझ्या मागे. तो मान हलवून पुढे जाई. पिशव्या भरलेल्या, घोंगड्या बांधलेल्या, आणि आम्ही दोघी त्यांच्याभोवती फिरत होतो. शेवटी आदल्या दुपारी कार्ड आलं. त्यावर तीनच ओळी होत्या. मैं सोच में पड़ गया था. घरवाली कहती है, औरतें हैं तो क्या हुआ, आने दो. जूते मज़बूत लाना.

मी तिसरी ओळ वाचली आणि आत्याबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं घेरी आली. पण त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारीत बसलो. मामाजी सडकेपर्यंत आले होते. "जोशीमठाच्या पुढं नीट पाहा समदं," एवढंच मला म्हणाले. मोटार हलली तेव्हा ते घराकडे न जाता आमच्याच दिशेनं थोडं चालत आले.

यात्रेबद्दल मी इथे फार लिहीत नाही, कारण ते सांगायला बसलं तर थांबता येत नाही. पहाडी ठरल्याप्रमाणे हरिद्वारला भेटला आणि दीड महिना आम्ही चाललो. सरकीच्या ओळीत जे एका दाण्याएवढं दिसत होतं, ते कधीकधी सबंध दिवस संपत नसे. केदारच्या चढावर मला ताप आला आणि तीन दिवस चट्टीत पडून राहिले, ते वहीत नव्हतं. कड्यावरच्या फळ्यांवरून जाताना आत्याबाईंनी माझा पदर आपल्या कमरेला बांधला. खोऱ्यात पोचलो तेव्हा लोक नुकतेच वर येऊन घरांच्या कड्या उघडत होते. पहाड्याच्या बायकोनं आत्याबाईंच्या खांद्यावर ती कांबळी टाकली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि त्या चार दिवस सारख्या बोलत होत्या. शेळ्या आल्या तेव्हा आत्याबाईंनी एकीला थांबवून तिच्या पाठीवरची पिशवी उचलून पाहिली. "दोन शेर असन," मला म्हणाल्या, आणि मग पुढच्या शेळीची उचलली, आणि तिच्या पुढचीही.

मी मात्र त्या गावातही स्वस्थ बसले नाही. गावाच्या वर वाट जात होती, खिंडीकडे. मी रोज सकाळी थोडी पुढे जायचे आणि पहाडी मला हाक मारून परत बोलवायचा. तिकडे जायचं नाही, म्हणायचा. जिथं यायला मी एवढी धडपडले, तिथं पोचल्यावर मला त्याच्या पुढचं हवं होतं. याची मला लाज वाटली आणि ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

परत आल्यावर गावातल्या बायका पाया पडायला आल्या. एकीनं नवसाचं विचारलं. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "देव म्हने, पाहू." मला मूल झालं नाही. पुढे नणंदेची धाकटी मुलगी आमच्याकडे वाढली. तिला मी लिहायला शिकवलं आणि तिला एका जागी बसायला कधी सांगितलं नाही. आत्याबाई त्यानंतर अकरा वर्षं होत्या. बायका दळायला, निवडायला जमल्या की त्या खोऱ्याच्या गोष्टी सांगत, आणि कोणी खोटं म्हटलं तर मला हाक मारत, "सूनबाई, सांग वो इले."